उघड्या डोळ्यांची प्रार्थना

माझा बा प्रार्थनेत डोळे मिटायचा नाही. बाकी सगळे मान खाली घालून, डोळे गच्च मिटून बसलेले, आणि हा आपला टकाटका चहूकडं बघतोय. पाळकसाहेबांनी त्याला एकदा समजावलं, दुसऱ्यांदा दटावलं, आणि तिसऱ्यांदा उपासना संपल्यावर बाजूला घेऊन विचारलं, "नामाजी, काहून रे असं करतोस? देवासमोर डोळे मिटावेत."

"मिटले की लांडगा येतो, साहेब," बा म्हणाला.

"इथं कुठं लांडगा?"

"तुमच्याकडं नसंल. माझी मेंढरं भायेर हायेत."

आता बोला! तेव्हापासून बाला कुणी डोळे मिटायला सांगितलं नाही.

मी त्याची लेक, एस्तेर. हे नाव गावाच्या जिभेवर कधी बसलंच नाही, म्हणून सगळे मला इस्तारी म्हणायचे. आता माझी नातवंडं विचारतात, आजी, तुझा बाप कसा होता, एखादा फोटो दाखव की. अरे, कुठला फोटो? त्या काळात मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढत होतं? तर जसा होता तसा सांगते. मधे मधे तोंड घालायचं नाही एवढंच.

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथून उत्तरेला चालत सुटलं की अर्ध्या दिवसात पैनगंगा लागायची. नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं वऱ्हाड. आम्ही जातीचे धनगर. बाचा थोरला चुलत भाऊ किसनराव हा आमच्या वाड्याचा म्होरक्या. वाडा म्हणजे घर नव्हे बरं का. पाच-सहा कुटुंबं आपापली मेंढरं घेऊन एकत्र फिरायची, एकत्र उतरायची, त्याला वाडा म्हणायचे. आज याच्या रानात मेंढरं बसवा, उद्या त्याच्या. रानाला खत मिळायचं, आम्हाला ज्वारी मिळायची. रात्री राखणीला पाळीपाळीनं माणसं असायची, कुत्री असायची. वाडा सुटला की धनगर उघडा पडला म्हणून समजा.

आणि माझ्या बाचा वाडा सुटला.

त्याचं असं झालं. माझ्या जन्माआधी, चौतीस सालच्या सुमाराला, गावात देवी निघाल्या. माझे दोन मोठे भाऊ एका आठवड्यात गेले. मायनं बोलणंच टाकलं. चूल पेटवायची, भाकरी थापायची, पण तोंडातून शब्द नाही. बा मेंढरं घेऊन रानात जायचा आणि तिथंच बसून राहायचा. अशा वेळी हिंगोलीहून ख्रिस्ती मंडळीचे संतराम पाळक सायकलवर आले. अंगानं किडकिडीत, गळ्याशी बटण लावलेला पांढरा कोट. आले आणि बाशेजारी बांधावर बसले. उपदेश नाही, पुस्तक नाही. दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशी बा मेंढरांच्या सडलेल्या खुरांना औषध लावत होता, तर हे म्हणाले, "मी पाय धरतो." आयुष्यात मेंढराला हात लावलेला नाही आणि म्हणे पाय धरतो! मेंढीनं अशी लाथ घातली की साहेब कोटासकट लेंड्यांत पडले.

बा हसला. दोन्ही पोरं गेल्यापासून पहिल्यांदा हसला. ते हसणं ऐकून माय झोपडीबाहेर आली आणि म्हणाली, "काय झालं?" तो तिचा तीन महिन्यांतला पहिला शब्द.

बा म्हणायचा, "ज्या माणसाला मेंढराचा पाय धरता येत न्हाई, त्यानं मला धरलं. मग त्याला धाडणारा कसा असंल ते बघावं म्हणलं." छत्तीस साली बानं आणि मायनं पैनगंगेत बाप्तिस्मा घेतला. पाळकसाहेबांनी बाला नथानेल असं नवीन नावही सुचवलं होतं. बानं ते दोन दिवस तोंडात घोळवून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी परत करून आला. म्हणाला, "साहेब, हे नाव चांगलं हाय, पर मला हाक मारली की मीच मागं वळून बघत न्हाई."

किसनरावकाकांना हे कळलं तेव्हा ते काही आरडाओरडा करत बसले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, "तू बाटलास, नामाजी. आजपासून तुझी मेंढरं आमच्या मेंढरांत न्हाईत." मेंढरं निवडायला सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. बाच्या मेंढरांचा डावा कान कापलेला, काकांच्या मेंढरांचा उजवा, त्यामुळं ओळखायला अडचण नव्हती. अडचण मेंढरांची होती. निवडून बाजूला काढलं की ती परत तिकडं पळायची. माय सांगायची, शेवटी किसनरावकाका पाठ करून उभे राहिले आणि बानं एकट्यानं आपली मेंढरं हाकलत नेली.

त्यानंतरची बारा वर्षं आमचा एकट्याचाच वाडा. बा, माय, दोन कुत्री आणि एकोणचाळीस साली जन्मले तेव्हापासून मी.

माझा बा भोळाभाबडा भाविक होता असं कुणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. तो देवाशी भांडायचा. मेंढरामागं चालताना मोठ्यानं बोलायचा, वाटेनं जाणारी माणसं थांबून बघायची. "आज पाणी कुठं हाय ते तरी दाखव की! नुसतं वर बसून काय बघून राहिलास?" असं. मी एकदा विचारलं, "बा, देवाला राग येत नसंल का?" तर म्हणाला, "आपल्या माणसावर माणूस चिडतंच. परक्यावर कोण चिडतं?"

एका साली मेंढरांत रोग शिरला. तोंडावर, कासेवर फोड यायचे आणि दोन दिवसांत मेंढरू आडवं. बा विसाच्या हिशेबानं मोजायचा, एक विसा, दोन विसा. त्याच्याकडं चार विसा मेंढरं होती, ती महिन्याभरात एक विसा आणि तीनवर आली. तेवीस! शेवटची मेंढी पुरून आला आणि त्यानं घोंगडी जमिनीवर आपटली. "हे काय चालवलंस रं?" वर बघून ओरडला. "पोरं नेलीस तवा गप बसलो. आता हे बी?" मी घाबरून मायच्या पदरात शिरले. तिनं घोंगडी उचलली, झटकली आणि त्याच्या खांद्यावर टाकली.

सकाळी उठले तर बा मेंढरांना कोंडातून बाहेर काढत होता. मोजून झाल्यावर मान वर करून म्हणाला, "तेवीस हायेत. मी तेवीस राखतो. तू मला राख." आणि निघाला. एवढंच. आमच्या घरातली एवढी छोटी आणि एवढी खरी प्रार्थना मी दुसरी ऐकली नाही.

तर असा माणूस. आता खरं भांडण सांगते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं.

आमच्याकडं चर्चची इमारत नव्हती. महिन्यातून एका रविवारी पाळकसाहेब हिंगोलीहून यायचे आणि आमच्याच खळ्यावर आठ-दहा माणसं बसायची. एकदा त्यांनी प्रभूनं सांगितलेली मेंढराची गोष्ट सांगितली. एका मेंढपाळाकडं शंभर मेंढरं होती, त्यांतलं एक हरवलं, तर तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला. बायका डोळे पुसत होत्या. आणि माझा बा मधेच उठून उभा राहिला.

"थांबा साहेब. शंभर म्हंजी पाच विसा?"

"हो."

"त्यातलं एक गेलं आन हा गडी बाकीची उघड्या रानात टाकून गेला?"

"हो, नामाजी. प्रेमापोटी."

"मग ह्यो मेंढपाळ कामाचा न्हाई! मी तर त्याला माझं एक कोकरू बी देणार न्हाई राखायला. एकापायी नव्याण्णव लांडग्याच्या तोंडी? साहेब, ज्यानं कुणी ही गोष्ट लिहून ठिवली त्यानं मेंढरं राखली नसतील. त्या नव्याण्णवांकडं कोण बघतं ते सांगा आधी."

माणसं हसली. माय पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. पण पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडलं, ती ओळ परत वाचली, पुढची वाचली, मागची वाचली. मग म्हणाले, "नामाजी, त्याचं उत्तर इथं लिहिलेलं नाही. तुला सापडलं तर मला सांग."

हे भांडण पुढं पाच-सहा वर्षं चाललं. पाळकसाहेब सायकलवरून उतरले की बा विचारायचा, "काय, मिळालं का उत्तर?" आणि ते विचारायचे, "तुला?" दोघांनाही त्यात मजा यायची. मला मात्र राग यायचा. मला ती गोष्ट फार आवडायची आणि माझ्या मते पाळकसाहेबांचंच बराबर होतं. एक हरवलं तर शोधायला जायचंच. त्यात विचारायचं काय?

लेकरांसमोर बोलताना मोठी माणसं विचार करत नाहीत, आणि लेकरं ऐकलेलं खरं करून बसतात.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं. तोपर्यंत बाची मेंढरं परत वाढून तीन विसा आणि चार झाली होती. चौसष्ट. त्यांतलं शेवटचं कोकरू म्हणजे कापशी. तिची आई विताना मेली होती. दुसऱ्या मेंढीनं तिला जवळ घ्यावं म्हणून बानं कापशीच्या पाठीला मीठ चोळलं. मेंढ्या मीठ चाटता चाटता लेकरू आपलंसं करतात. पण ही काही कुठल्या मेंढीला रुचली नाही. मग मीच तिला वाढवली. शेळीचं दूध बोटावरून पाजायचं. पोट भरलं तरी ती माझं बोट तोंडात धरून बसायची, चोखत.

त्या वर्षी आमच्या भागात रझाकारांची दहशत होती. आज या गावचं दुकान लुटलं, उद्या त्या गावची माणसं नेली, अशा बातम्या. लोक म्हणायचे, "नामाजी, तुझा देव काय म्हणतो?" बा म्हणायचा, "देव सांभाळतो. पर त्यानं पाय बी दिलेत. पळायची येळ आली तर त्येच वापरायचे." श्रावण संपता संपता शेजारचं एक गाव जाळल्याची खबर आली आणि पळायची वेळ आली. सगळं गाव वऱ्हाडात जायला निघालं.

फटफटायच्या आत आम्ही निघालो. पुढं बा, त्याच्या मागं भिंगरी. भिंगरी म्हणजे आमची शेळी. मेंढरू स्वतःहून नवीन वाटेला लागत नाही, त्याच्या पुढं शेळी लागते, म्हणून प्रत्येक कळपात एक असायचीच. तिच्या मागं मेंढरं, आणि शेवटी मी आणि माय. मायला सातवा महिना चालू, डोक्यावर गाठोडं. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ज्वारी आणि पायाखाली चिखल. कापशीला मी आधी कडेवर घेतली होती. पण हात भरून आले म्हणून खाली सोडली.

दुपारच्या आत नदीवर पोचलो. उताराला पाणी कमरेइतकं होतं, पण वरच्या अंगाला आभाळ काळंभोर झालेलं. वर पाऊस पडला की तासाभरात खाली पाणी चढायचं. खालच्या बाजूला हाकेच्या अंतरावर किसनरावकाकांचा वाडाही मेंढरं पाण्यात घालत होता. बानं तिकडं बघितलं नाही. काकांनीही बघितलं नाही. बारा वर्षांची सवय.

मेंढरं पाणी ओलांडतात ती अशी. शेळीला पुढं घालायचं. चार-दोन कोकरं उचलून पलीकडं ठेवायची, म्हणजे त्यांच्या आया मागं येतात आणि त्यांच्या मागं बाकीची. एकट्या माणसाला पाच-सहा खेपा. बा कोकरं काखेत मारून पाण्यात शिरला आणि मी कोकरं मोजायला लागले. कापशी नव्हती.

मी मायला म्हणाले, "माय, कापशी न्हाई." माय बिचारी पाण्याकडं बघत होती. ती म्हणाली, "गप गं." मी बाकडं बघितलं, तो नदीच्या मधोमध. मग माझ्या नऊ वर्षांच्या डोक्यानं हिशेब केला. एक हरवलं आहे. एक हरवलं की काय करायचं ते पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं आहे. बा तर जाणार नाही, तो या बाबतीत अडाणीच आहे. म्हणून मीच गेले.

हसू नका. मला काही गंमत वाटत नव्हती.

नंतर नदीवर काय झालं ते मला मायनं सांगितलं. एक विसा मेंढरं पलीकडं पोचली होती. दोन विसा अलीकडं घोटाळत होती. बा परत येत होता आणि माय ओरडली, "इस्तारी कुठं हाय?" बा पाण्यातून बाहेर आला. चिखलात माझे पाय उमटले होते, मागं वळलेले. त्यानं मेंढरांकडं बघितलं. नदीकडं बघितलं. पाणी मघापेक्षा चार बोटं वर आलं होतं. माय म्हणायची, त्या वेळी त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. ती चौसष्ट मेंढरं म्हणजे आमचं घर, आमचं रान, आमचं सगळं. आणि इतकी मेंढरं अर्धी या काठाला, अर्धी त्या काठाला सोडली की ती पाण्यात जाणार नाहीतर रानोमाळ होणार हे शेंबडं पोरही सांगेल.

बानं हातातली काठी मायच्या हातात दिली.

"तू पलीकडं जा," म्हणाला.

"आन मेंढरं?"

"ज्याची हायेत त्यो बघंल!"

आणि पळत सुटला. पुढं कितीतरी वर्षांनी मी त्याच्या त्या बोलण्याचं कौतुक केलं, तर माझ्यावरच खेकसला. "इश्वासानं न्हाई बोललो म्या. चिडून बोललो. त्याला म्हणलं, तुझी गोष्ट हाय ना, मग तूच निस्तर." असा माणूस!

इकडं मला कापशीचा आवाज आला होता. ज्वारीत शिरले, आवाजामागं आवाज, आणि एका बांधाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, त्यात तिची लोकर अडकलेली. काटे काढले, तिला घेतली, आणि मागं वळून बघते तर वाटच नाही. चहूबाजूंनी नुसती ज्वारी. चालत राहिले. एकदाची गाडीवाट दिसली म्हणून पुढं होणार, तोच घोड्यांच्या टापा ऐकू आल्या.

मी खाली बसले. चार घोडेस्वार होते, खांद्याला बंदुका. माझ्यापासून दहा पावलांवर थांबले. एकानं विडी पेटवली. नेमकं तेव्हा कापशीनं बें करायला तोंड उघडलं. मी बोट तिच्या तोंडात घातलं. घामानं माझा हात खारट झाला होता. ती चोखायला लागली.

पाळकसाहेबांनी शिकवलं होतं की संकटात डोळे मिटून प्रभूला हाक मारायची. मी मिटले. आणि लगेच उघडले. बाचं बराबर होतं, असल्या वेळी डोळे मिटवतच नाहीत. म्हणून मी डोळे उघडे ठेवून, त्या घोड्यांच्या पायांकडं बघत मनात म्हणत राहिले, प्रभू, माझ्या बाला धाड, माझ्या बाला धाड. ती विडी संपता संपेना. शेवटी एकदाची संपली आणि ते निघून गेले. टापांचा आवाज विरला तरी मी बोट तसंच तिच्या तोंडात ठेवलं.

मग बाची साद आली. मेंढरांना जवळ बोलवताना घशातून काढायचा ती, "हुर्र्र… याऽ याऽ". मोठ्यानं नाही, दबक्या आवाजात. मी ओ द्यायच्या आधीच कापशीनं बोट सोडलं आणि जोरात ओरडली. ज्वारी सळसळली आणि बा समोर उभा. चिखलातल्या पावलांच्या मागावर तो तिथवर आला होता आणि घोडेस्वार जाईपर्यंत पलीकडच्याच बांधाआड पालथा पडून राहिला होता. दोघंही एकाच रानात, दोघांनाही पत्ता नाही.

त्यानं आधी माझ्या थोबाडीत दिली. मग तिथंच चिखलात बसला, मला छातीशी धरलं आणि लहान लेकरासारखा हुंदके देऊन रडला.

"काहून गेलतीस गं? काहून?"

"एक हरवलं व्हतं," मी म्हणाले. "पाळकसाहेबांनी सांगितलंय ना."

बा माझ्याकडं बघतच राहिला. काहीतरी बोलणार होता, पण मीच विचारलं, "बा, आन मेंढरं कुणापाशी हायेत?"

तो उठला. मला खांद्यावर घेतलं, कापशीला काखेत मारलं आणि चालायला लागला. उत्तर दिलं नाही. तेव्हा मला कळलं की ती कुणापाशीच नाहीत, आणि का नाहीत तेही कळलं. मग मात्र मला रडू आवरेना.

नदीवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. काठ मोकळा. एक मेंढरू नाही, माय नाही, पलीकडच्या काठालाही कुणी नाही. चिखल नुसता तुडवलेला आणि पाणी गढूळ, छातीपर्यंत चढलेलं. बा पाण्यात शिरला. मी त्याचं डोकं धरून बसलेले, म्हणून तो काय पुटपुटत होता ते मला नीट ऐकू आलं. "गेली तर गेली," तो म्हणत होता. "ही दिलीस ना. आता भांडत न्हाई. यशोदा बी तेवढी बरी असू दे." यशोदा म्हणजे माझी माय. तो तिचं नाव कधी घ्यायचा नाही, त्या दिवशी घेतलं.

पाणी ओढत होतं. दोनदा त्याचा पाय सरकला. पण आम्ही पलीकडं पोचलो.

दरड चढून वर आलो आणि कुत्री भुंकली. आमचीच कुत्री! समोर माळावर किसनरावकाकांचा वाडा उतरलेला. दोन-तीन चुली पेटलेल्या. एका चुलीपाशी माय बसलेली. तिनं बसल्या जागेवरूनच दोन्ही हात पुढं केले. आणि मेंढरं? काकांच्या मेंढरांत आमची मेंढरं अशी मिसळून बसली होती की डावा कान कुठला आणि उजवा कुठला ते कळेना.

किसनरावकाका पुढं आले. दाढीचे खुंट, डोक्याला ओलं मुंडासं, धोतर कमरेपर्यंत भिजलेलं. बाकडं न बघता म्हणाले, "मोजून घे. तीन विसा आन तीन भरली. एक कमी हाय."

"ते हे," बा म्हणाला आणि कापशीला खाली ठेवलं.

"मग झाली बराबर."

बा म्हणाला, "दादा, आमची मेंढरं तुमच्यात…"

"मग काय करू?" काका उसळलेच. "डोळ्यादेखत वाहून जाऊ देऊ? बाटला तो तू. मेंढरं थोडीच बाटली!" आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "तू पळालास तवा म्हणलं, येडं झालं का काय हे, मेंढरं टाकून चाललं. मग मनाला इचारलं, किसन्या, तुझी पोरगी असती तर? मी बी पळालो असतो, नामाजी. म्हणून पाण्यात उतरलो. घे, आता रडू नको, पोरगी बघून राहिली."

रडत तर तेही होते. त्यांच्या घरची द्वारकाकाकू आली, तिनं मला बाच्या खांद्यावरून उतरवून घेतलं आणि त्यांच्या स्वतःच्या पितळीत ऊन दूध दिलं. बारा वर्षांत त्यांच्या भांड्याला आमचा हात लागला नव्हता. मी दूध संपवलं, काकूनं ती पितळी माझ्या हातातून घेतली आणि त्याच पितळीत बाला भाकरी वाढली.

जेमतेम दोन आठवडे आम्ही वऱ्हाडात राहिलो, त्या वाड्यातच. मग हिंदुस्थानची फौज आली आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आम्ही परत गावी आलो तर झोपडीचं छप्पर तेवढं गेलेलं, बाकी सगळं जागच्या जागी. आता भ्यायची पाळी दुसऱ्यांवर आली होती. गावातला मुसलमान पिंजारी दार लावून, बायकापोरांना घेऊन आत बसलेला. बा रोज सकाळी त्याच्या दाराशी दुधाचा तांब्या ठेवून यायचा आणि तिथंच मोठ्यानं खोकायचा, म्हणजे कोण आलं ते आतल्यांना कळावं. आठव्या दिवशी ते दार उघडलं. पुढं माझा भाऊ जन्मला, तोही द्वारकाकाकूच्याच हातावर.

पाळकसाहेबांचं काय झालं असेल ही चिंता बाला खात होती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी ते हिंगोलीहून चालत आले. सायकल गेली होती आणि माणूस आणखी वाळला होता. बानं त्यांना बघितलं आणि धावत जाऊन मिठी मारली. मग दोघंही एकदम म्हणाले, "मिळालं का उत्तर?" आणि दोघंही हसले.

"मला न्हाई मिळालं," पाळकसाहेब म्हणाले.

"मला मिळालं," बा म्हणाला. "त्या नव्याण्णवांकडं कोण बघतं ते कळलं, साहेब." त्यानं नदीवरची सगळी हकीकत सांगितली. मग म्हणाला, "मला वाटायचं राखणारा मी एकटाच. बारा वर्सं डोळ्याला डोळा लावला न्हाई. आन त्यानं माझी मेंढरं कुणाकडनं राखून घेतली? ज्यानं मला वाड्यातनं काढलं, त्याच्याकडनं! आता ह्याच्याशी भांडून काय उपेग?"

खळ्यावर माणसं बसली. बा नेहमीप्रमाणं कडेला, जिथून बाहेरची मेंढरं दिसतील अशा जागी बसला. तेवढ्यात किसनरावकाका बांधावरून आले. उपासनेला नाही बरं का, ते मरेपर्यंत उपासनेला बसले नाहीत. काठी टेकवून मेंढरांपाशी उभे राहिले, तंबाखू मळली आणि बाला म्हणाले, "तू बस निवांत. मी हाय हितं."

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बानं एकदा बाहेर बघितलं, एकदा काकांकडं बघितलं. आणि मग त्यानं दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. गच्च. पार प्रार्थना संपेपर्यंत.

मला कसं कळलं म्हणता? माझे उघडे होते ना. कापशी बाहेर होती.